कामाच्या माणसांचं संगीत

कार्तिकात घाटाखालच्या माणसाला शनिवार-रविवारचा बेत विचारू नये. कपाशी फुटलेली असते, वेचणीला बाया मिळवायच्या तर आदल्या रात्री दारोदार फिरावं लागतं, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नाच्या पत्रिका यायला लागतात. माझी या वेळची यादी अशी आहे: शनिवारी दिवसभर वावर, सांजेला कापूस मोजून बायांचा हिशेब, रात्री संपादकांना कबूल केलेला लेख. रविवारी मलकापूरला साखरपुडा, येताना मोताळ्याहून फवारणीचं औषध. या सगळ्यातून काही उरलंच, तर गाणी. गाणी म्हणजे आयर्लंडची.

रोहिणखेडच्या माणसाला आयर्लंडची गाणी आवडावीत याचं गावात कुणाला फारसं नवल वाटत नाही. फोनमुळे कुणाला काय आवडेल याचा नेम राहिलेला नाही. एकदा वावरात फिडल आणि बासरी लावून बसलो होतो, तेव्हा कापूस वेचणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने एवढंच विचारलं, "ह्याच्यात बोल कुठी हायेत भाऊ? नुसतंच वाजते."

खरं आहे. यातलं बरंचसं संगीत शब्दांवाचूनचं, नाचासाठी केलेलं. जिग ही त्यांची सहा मात्रांची चाल आपल्या दादऱ्याच्या पावलांनी चालते, तर रीलवर केहरव्याचा ठेका धरता येतो. एका चालीचे साधारण दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजतो, मग अख्खी चाल पुन्हा दोन-तीनदा, आणि न थांबता पुढची. साथीला इलन पाइप असतो. त्याचा भाता कोपराखाली दाबून हवा भरतात, तोंडाने फुंकत नाहीत. शिवाय बोअरॉन हा बकऱ्याचं कातडं ताणलेला डफासारखा वाद्यप्रकार. एकटा पुढे आणि बाकीचे मागे अशी रचना नसते. टेबलाभोवती बसून सगळे एकच चाल वाजवतात आणि जो तो आपल्या हाताने तिला किंचित वळण देतो. यालाच ते सेशन म्हणतात. त्यात श्रोता असला तर असला.

मला ओढ लागली ती मात्र वाजवणाऱ्यांच्या धंद्यांमुळे. ज्याच्या नावाने 1973 पासून दर उन्हाळ्यात क्लेअर परगण्यात संगीताची शाळा भरते, तो पाइपवादक विली क्लॅन्सी सुतारकाम करायचा. फिडलवादक टॉमी पॉट्स डब्लिनच्या अग्निशमन दलात होता. आणि फ्रान्सिस ओ'नील तर 1901 ते 1905 या काळात शिकागोचा पोलीसप्रमुख. दुष्काळाच्या वर्षांत, 1848 साली, कॉर्क परगण्यात जन्मलेल्या या माणसाने शिकागोतल्या आयरिश स्थलांतरितांकडून चाली गोळा केल्या आणि 1903 मध्ये 1850 चालींचा संग्रह छापला. त्याला स्वतःला स्वरलिपी लिहिण्याचा सराव नव्हता. तो चाली स्मरणात ठेवून आणायचा आणि त्याच्याच आडनावाचा एक सहकारी त्या उतरवून घ्यायचा. एका मोठ्या शहराचा बंदोबस्त ज्याच्या डोक्यावर, त्याने हे कधी केलं असेल?

या संगीताचं मूळ घरही एकदा मोडलं. 1935 च्या कायद्याने आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचासाठी परवाना लागू लागला आणि घराघरांत जमणारे नाच आटत गेले. ज्यासाठी ते वाजत होतं तेच गेलं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला बांधकामावर गेलेले आयरिश मजूर कामावरून सुटल्यावर तिथल्या पबमध्ये जमून वाजवू लागले. नाच नसला तरी ठरलेली जागा होती, ठरलेला दिवस होता, आणि संगीत त्याच्या आधाराने तगलं.

आपल्याकडे जातं गेलं. दळता दळता म्हटलेल्या ओव्या साने गुरुजींनी गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओ'नीलच्या संग्रहाशेजारी हे काम ठेवलं तर कुठेही उणं पडत नाही. फरक पुढचा आहे. ओ'नीलची पुस्तकं उघडून लोक अजून वाजवतात. ओवी नोंदली गेली, पण गिरणी आल्यावर तिला बसायला दुसरी जागा कुणी दिली नाही.

लढायांचंही तसंच. 1691 मध्ये आयर्लंडातल्या ऑग्रिमच्या लढाईत सेनापती तोफगोळ्याने पडला आणि आयरिश फौज उधळली. त्या लढाईवरची चाल पाइपवर आजही वाजते. त्याच्या शंभर वर्षं आधी, 1591 मध्ये, आमच्या रोहिणखेडला अहमदनगरच्या गादीसाठी लढाई झाली. जमालखान गोळी लागून पडला, त्याची फौज पळाली आणि बुऱ्हाण निजामशहाला राज्य मिळालं. त्याआधी 1437 मध्येही इथे बहमनी आणि खानदेशच्या फौजा भिडल्या होत्या. गावात खुदावंदखानाने बांधलेली 1582 ची मशीद उभी आहे, इतिहासकारांनी लढाईही लिहून ठेवली आहे. पण मी या गावात त्या लढाईवरचं एक कडवंही ऐकलेलं नाही. सुलतानांच्या भांडणात इथल्या कुणब्याचं काय जाणार होतं, असं म्हणता येईल. तरी मरणारे त्याच्याच वावरात मेले.

जे टिकलं ते काकड्यात. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात टाळ-मृदंग वाजतात. वर्षातला सर्वांत धावपळीचा महिना हाच, आणि येतात तीच माणसं, ज्यांना उजाडताच वावर गाठायचं असतं. कुणाला बिदागी नाही, आवाजाची परीक्षा नाही. चुकलं तर शेजारचा टाळ सांभाळून घेतो. लंडनच्या पबमध्ये काम संपल्यावर जे होतं, ते इथे काम सुरू होण्याआधी होतं. देवाचं निमित्त आहे हे खरंच, पण देवाइतकाच आधार वेळेचा आहे. पहाटेचे पाच वाजले की जायचं, मग वावरात काहीही असो.

म्हणून संग्रहांपेक्षा मला आता बैठकीची जास्त काळजी वाटते. वेचणीच्या बायांपैकी दोघी-तिघींना ओव्या येतात. दमून परतल्यावर आठवड्यातली एक सांज त्यांना बसायला सांगणं मलाच जड जातं, कारण घरी चूल त्यांचीच वाट पाहत असते. तेव्हा बैठक त्यांच्या ओट्यावर हवी, आणि त्या सांजेचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे घरच्या पुरुषांनी करायला हवा. सुरुवात हंगाम सरल्यावर करू म्हटलं तर ती होणार नाही. हंगाम सरला की ज्वारी, हरभरा, लग्नं हे आहेच. सुताराने, शिपायाने, टाळकऱ्याने वेळ सापडण्याची वाट पाहिली असती, तर मला ऐकायला आज काहीच उरलं नसतं.