तीन पाने, दोन हात

मी मराठी घेऊन बी. ए. झालो, सरकारी नोकरीत कारकून म्हणून चिकटलो आणि गेली वीस वर्षे फायली हलवत आहे. यंत्र म्हटले की आमच्या घरात नाव निघते ते भाओजींचे. तरीही गेल्या जानेवारीत सुरतेजवळच्या इच्छापोरला, ताईच्या दारात मांडी घालून बसून मी बुलेटचे टॅपेट बसवले. त्याचीच ही गोष्ट.

गाडी बाबांची. १९८४ सालची, साडेतीनशे सीसीची, डिचोलीत घेतलेली. तेव्हा गोवा, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि गाडीचा नंबर ‘जीडी’ने सुरू व्हायचा. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. बाबा तिच्यावरून शाळेत शिकवायला जात आणि चतुर्थीला माटोळीचे सामान आणत. बाबा गेल्यावर आईने गाडी भाओजींना दिली. त्यात तिचे काही चुकले नव्हते. मला धड किकही मारता येत नव्हती. पण मुलगा मी आणि गाडी जावयाला, हे मनाला लागले. बोललो मात्र काहीच नाही. एनओसीचे कागद मीच पुरे करून दिले आणि नंतर आठ वर्षे सुरतेचे तोंड पाहिले नाही. फोनवर ‘बरे आहे ना?’ ‘बरे आहे.’ संपले!

इच्छापोर हजीऱ्याच्या रस्त्यावर आहे. पुढे हजीऱ्याला खताचे, पोलादाचे, वायूचे मोठमोठे कारखाने. रस्त्यावर रात्रंदिवस ट्रेलर धावतात. भाओजी तिथल्याच एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे असे ताईने कळवले, तेव्हा मात्र राहवले नाही. मडगावहून गाडी पकडली.

ताईने पोंक पुढे ठेवला. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा. सुरतेत तो थंडीत मिळतो आणि शेवेबरोबर खातात. आम्ही दोघे मान खाली घालून खात होतो. शेवटी भाओजीच म्हणाले, “गाडी विकून टाकतो. सुरू होत नाही.”

झाले होते असे. टॅपेट फार वाजतात म्हणून एका मेकॅनिकने ते आवळून दिले. आवाज बंद झाला, पण थोड्याच दिवसांत किक हलकी लागू लागली, सायलेन्सरमधून फटाके वाजू लागले आणि गाडी जागेवर उभी असताना बंद पडू लागली. भाओजींना दुखणे कळले होते, पण हात चालत नव्हता. आणि दुसऱ्याला सांगायचे नाही, हा त्यांचा स्वभाव. (माझा तरी कुठे वेगळा?)

वाचकहो, हे टॅपेट प्रकरण थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोलमिश्रित हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. बुलेटमध्ये खालचा कॅम दोन उभ्या दांड्यांमार्फत त्यांना उघडतो. धुराचा व्हॉल्व्ह आगीत तापतो आणि आपल्या बैठकीला टेकला की ती उष्णता बैठकीला देऊन थोडा निवतो. टॅपेट जास्त आवळला तर व्हॉल्व्ह पुरता टेकतच नाही. मग दाब गळतो आणि व्हॉल्व्ह जळतो. सैल राहिला तर नुसता टकटक वाजतो. झीज होते, पण निदान कळते तरी.

लहान मोटारसायकलींत ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. ती फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजतात आणि नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहायचा. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया स्थापन झाली. तिथे बनलेल्या जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला मात्र पाते लागत नाही, लागतात ती बोटे. इंजिन थंड असताना दांडी चिमटीत धरून सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पुढे आलेल्या काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले आणि त्यांत हे काम उरलेच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बसलो, कारण इंजिन पूर्ण थंड हवे. गाडी मेन स्टँडवर घेतली. स्पार्क प्लग काढला, वरचा गियर टाकला आणि भाओजींनी सांगितल्याप्रमाणे प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मागचे चाक हळूहळू फिरवले. हवेने अंगठा ढकलला म्हणजे पिस्टन दाब देत वर येतो आहे. तो अगदी वर आला की दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग सिलिंडरच्या बुडाशी उजवीकडचे झाकण काढले. दांड्या दिसल्या. चिमटीत धरून पाहिल्या तर एक फिरेचना!

आता खरी गंमत. एक पाना खालून धरायला, दुसरा लॉक नट सोडायला, तिसरा फिरवायला. पाने तीन आणि माझे हात दोन. मी वर पाहिले. भाओजी उकिडवे बसले, डाव्या हाताने एक पाना धरला आणि म्हणाले, “हं, सोड नट.” दांडी फिरू लागली. नट आवळला तर पुन्हा घट्ट! नट आवळताना माप सरकते, म्हणून प्रत्येक वेळी परत तपासायचे. असे चार वेळा झाले. पाचव्यांदा त्यांनी थरथरती बोटे दांडीला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, “झाले.”

पण व्हॉल्व्ह आधीच जळला असेल तर? मग हेड उघडावे लागणार. झाकण आणि प्लग बसवून मी किकवर पाय ठेवला. पाय अडला! दाब होता. तिसऱ्या किकेला गाडी बोलली आणि त्यात बारीक टकटकही ऐकू आली.

“वाजते आहे,” मी म्हणालो.

“वाजू दे. मुकी झाली तेव्हाच मी घाबरलो होतो.” थोडे थांबून ते म्हणाले, “तुला राग आला होता ना? तेव्हाच बोलायचे होतेस.”

“हो, आला होता,” मी म्हणालो. आठ वर्षांत पहिल्यांदा.

“ने मग गाडी.”

“नको. इथेच राहू दे. पुढच्या जानेवारीत तपासायला येतो.”

ताईने आतून चहाला हाक मारली. हात काळेकुट्ट झाले होते, एकाच साबणाने दोघांनी धुतले. असो.