मामाची द्राक्षं आणि उमर खय्याम

आमच्या कोथरूडच्या घरात दारू हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात निघे, आणि तरी शॅम्पेन कशी करतात हे आम्हा सगळ्या भावंडांना पोरवयातच तोंडपाठ होतं. कारण आमचं आजोळ. नारायणगाव.

दर मार्चला मामा द्राक्षांच्या पेट्या घेऊन डहाणूकर कॉलनीत यायचा. फवारणीचा भरवसा नाही म्हणून आई घड आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवी आणि तोवर आम्ही मामाभोवती कोंडाळं करून बसू. त्याची बाग तास-ए-गणेशची. तासगावकडं थॉम्पसनमधून निवडलेलं हे लांबट, बिनबियांचं वाण. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग विरळणी. हे सगळं तो सांगायचा, पण आम्हाला ऐकायचं असे ते चौगुल्यांच्या द्राक्षांबद्दल.

श्यामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात नारायणगावला शॅम्पेन इंडाज उभी केली, तीही थेट पायपर-हाइडसिक या 1785 सालच्या फ्रेंच घराण्याचं तंत्र आणून. पुणे-नाशिक रस्त्यालगत शार्दोनेच्या वेली! मामाला ते बारीक, बियांचे मणी बघून हसू यायचं. “गोडी भरायच्या आतच तोडत्यात,” तो म्हणे. फसफसणाऱ्या वाइनला आंबटपणा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. पटत नव्हतं एवढंच.

मग सरबताची बाटली हातात घेऊन प्रात्यक्षिक. तयार वाइन बाटलीत भरून तिच्यात पुन्हा साखर आणि यीस्ट घालायचं, बूच ठोकायचं. आत आंबताना वायू कोंडतो. महिनोन्‌महिने गेले की बाटल्या मान खाली करून घोडीवर लावायच्या आणि रोज हातानं किंचित फिरवायच्या. गाळ मानेत उतरतो. मान गोठवून बूच काढलं की गाळाचा बर्फ फाट्‌कन बाहेर! इथं मामा टाळी वाजवी आणि आजी स्वयंपाकघरातून “पोरांना काय शिकवतोस?” म्हणून ओरडे.

इंडाजची ही बाटली देशात ‘मार्की द पोंपादूर’ आणि परदेशात ‘उमर खय्याम’ नावानं विकली जाई. माधव ज्युलियनांच्या रुबायांवर पोसलेल्या आमच्या आजोबांचं मत ठरलेलं : “खय्याम आमच्या कपाटात आहे, तेवढा पुरे.” लंडनला गेलेली ती बाटली आमच्यातल्या कुणी चाखली नाही. अभिमान मात्र असा, की शाळेत आम्ही ती घरचीच असल्यासारखी सांगत असू.

2001 साली राज्याचं द्राक्षवाइन धोरण आलं आणि सगळी चर्चा नाशिककडं, तिथल्या सुला वाइनरीकडं सरकली. 2010 च्या सुमारास इंडाज कर्जात बुडाली. पुष्कळ जण ‘फ्रेंच घराणी बघा, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात’ म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. पायपर-हाइडसिकही 2011 मध्ये विकली गेली, आणि तीही पहिल्यांदा नव्हे. बाटलीवरचं 1785 मात्र कुणी पुसलं नाही. चौगुल्यांच्या वाट्याला नावावर जीव टाकणारं असं गिऱ्हाईक आलं नाही.

हल्ली भावंडं जमली की नाशिकची बाटली उघडते. उघडणाऱ्याला बाकीचे मामाच्या सुरात सूचना देत सुटतात. मामाचा मुलगा पीत नाही. त्यानं बाग काढून टोमॅटो लावलेत, आणि त्याचं सगळं लक्ष फोनवर, नारायणगावच्या आजच्या बाजारभावात.