'ई' ड्राइव्ह कुठे गेली?

तर मंडळी, गोष्ट सबमिशनच्या आदल्या शनिवारची. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट सुटली होती आणि भिगवण रोडवरच्या मोटारसायकलींचा आवाज हॉस्टेलपर्यंत येत होता. मी प्रोजेक्टचे फोटो कॉपी करत होतो. निम्मे झाले नाहीत तोच एरर आली आणि 'ई' ड्राइव्ह गायब! सी होती, डी होती, ई नावाची चीजच नव्हती.

'ई' म्हणजे आमच्या असेंबल्ड पीसीतली दुसरी हार्ड डिस्क, १ टीबीची. उसाच्या पानावरचा तांबेरा फोटोवरून ओळखायचा, हा आमचा प्रोजेक्ट. त्याचे ४००० फोटो तिच्यात होते. फोटो काढले होते माझ्या रूम पार्टनरने, इंदापूर तालुक्यातल्या त्याच्या शेतात. भर उन्हात त्याचे वडील एकेक पान धरून उभे राहायचे. मोबाईल भरला म्हणून तिथले फोटो केव्हाच डिलीट केले होते. दुसरी कॉपी? "करू की रे उद्या," असं मी महिनाभर म्हणत होतो.

रीस्टार्ट केलं. आली! हायसं वाटलं. वीस मिनिटांनी परत गायब. पुढच्या खेपेला डिस्क मॅनेजमेंटमध्ये अर्धवट दिसली आणि 'इनिशिअलाइज करायचं का?' असं विचारू लागली. शेजारच्या रूममधला एक तज्ज्ञ म्हणाला, "दाब ओके!" नशीब, दाबलं नाही. त्याने जुन्या पार्टिशनची नोंदच पुसली गेली असती.

मग मला आठवलं, दुपारी पार्टनरने कॅबिनेट उघडून धूळ झटकली होती. झालं!

"तुला कोणी हात लावायला सांगितलं होतं?" मी ओरडलो.

"माझ्या बापाने उन्हात उभं राहून काढून घेतलेत ते फोटो. मी मुद्दाम करीन का?" एवढंच बोलून तो गच्चीवर निघून गेला.

सबमिशनमुळे रविवारी लॅब उघडी होती. तिथले मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन रूमवर आले. पहिला प्रश्न, "बायोसमध्ये दिसते का?"

"नाही."

"मग विंडोजच्या नादी लागू नका. बायोसमध्ये दिसली असती तर ड्राइव्ह लेटर वगैरे बघितलं असतं. आता वायरी बघायच्या."

मामांनी डेटा केबल बदलली. फरक नाही. मदरबोर्डवरचा पोर्ट बदलला. फरक नाही. मग त्यांनी कॅबिनेटला कान लावला आणि मलाही लावायला सांगितला. डिस्कची घरघर मंद होत होत थांबली. मामा म्हणाले, "नुसती डेटाची वायर ढिली असती तर डिस्क फिरत राहिली असती. फिरणंच थांबलं, म्हणजे करंट पोचत नाही." डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, सर्किटला ५ व्होल्ट. थिअरीत हे मला पाठ होतं!

पॉवरच्या वायरवरून बोट फिरवत ते एका कन्व्हर्टरपाशी थांबले. त्याचा पांढरा प्लग पिवळट-तपकिरी झाला होता. आतली पिन ढिली. कॉपी सुरू झाली की पिन तापायची, व्होल्टेज पडायचं, डिस्क बंद. रीस्टार्टच्या गडबडीत जरा निवली की पुन्हा चालू. एसएमपीएसला जादा प्लग नाही म्हणून तो स्वस्तातला कन्व्हर्टर दिवाळीत बसवला होता... मीच!

मामांनी डीव्हीडी रायटरचा प्लग काढून डिस्कला लावला. घरघर सुरू झाली. दोन ठिकाणी कॉपी पूर्ण होईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

१९५६ सालची आयबीएमची पहिली हार्ड डिस्क होती ५ एमबीची. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि ती कपाटाएवढी होती. आता १ टीबी तळहातावर मावते, आणि एका पिनेपायी जाते. म्हणून हॉस्टेलकरांनो, डिस्क हरवली तर आधी बायोस बघा, मग केबल, मग पॉवर. फॉरमॅटला हात लावू नका. दिसली की पहिलं काम कॉपीचं. आणि माणसावर ओरडण्याआधी वायर हलवून बघा.

संध्याकाळी मी पार्टनरला चहाला नेलं. काय बोलावं सुचेना. कसंबसं म्हणालो, "चुकलं यार माझं. प्लग मीच लावला होता."

त्याने दोन घोट घेतले. म्हणाला, "कॅबिनेटचं झाकण लावलंस का? परत धूळ जाईल."

— अंतिम वर्ष, संगणक विभाग