खातं कुठलं?

गणपतीला आम्ही सगळी भावंडं अजून कणकवलीजवळच्या गावच्या घरी जमतो. लालबागची चाळ पडून तिथं टॉवर झाला आणि आमची पांगापांग विरार, डोंबिवली, बदलापूर अशी झाली. रात्रीचं भजन उठलं, काळ्या वाटाण्याची उसळ संपली, की ओटीवर कुणीतरी चाळीचा विषय काढतं. मग थोड्या वेळानं डॉक्टर येणारच.

डॉक्टर एवढंच त्यांचं नाव. आडनाव पाटीवर होतं, पण ते कुणी घेतल्याचं आठवत नाही. वाणी आणि पिठाची गिरणी यांच्या मधला गाळा हाच दवाखाना. दोन बाकडी, अर्धा हिरवा पडदा, स्पिरिटचा वास, स्टोव्हवर उकळणारी काचेची सिरिंज. घरून धुऊन आणलेली बाटली कंपाउंडरच्या खिडकीत द्यायची. ती लाल मिक्श्चर भरून आणि कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून परत यायची. एक खाच म्हणजे एक डोस. ताई म्हणते औषध गोड होतं, दादा म्हणतो कडूजहर. धाकट्याला तर चव आठवतच नाही. त्याला आठवते ती फक्त सुई.

केईएम, वाडिया, टाटा, गांधी हॉस्पिटल, सगळं चालत जायच्या अंतरावर. एवढी हॉस्पिटलं उशाला असताना माणसं या गाळ्यात का दाटी करतात, हे तेव्हा कळत नसे. मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावायचा म्हणजे दिवस गेला, दिवस गेला की खाडा, आणि खाडा झाला की पगार कापला. डॉक्टरांनी आपलं घड्याळच कापडगिरणीच्या भोंग्याला बांधलं होतं. मध्यरात्री दुसरी पाळी सुटून माणसं घरी परतेपर्यंत खालचा दिवा जळत असायचा.

नवा माणूस आला की ‘काय होतंय’च्या आधी त्यांचा प्रश्न असे, ‘खातं कुठलं?’ कार्डिंग किंवा ब्लोरूम म्हटलं की स्टेथास्कोप पाठीवर जास्त वेळ फिरायचा. कापसाची धूळ छातीत बसलेली असे. ‘सुट्टीनंतर कामावर चढलास की पहिल्याच दिवशी छाती भरते का?’ असं ते विचारत, आणि माणूस चपापून मान हलवी. हे यांना कसं कळलं? साचेखातं म्हटलं की डॉक्टर आपणहून आवाज चढवत, कारण मागांच्या खडखडाटानं समोरच्याचे कान गेलेले असत. आमचे बाबा साचेखात्यातले. ‘डॉक्टर तुमच्यावर ओरडतात का?’ असं धाकट्यानं त्यांना एकदा विचारलंही होतं.

तसे ते ओरडतही. एकेका खोलीत वीस-वीस गडी पाळीपाळीनं झोपायचे. एकाचा खोकला उद्या सगळ्यांचा. टीबीचा कोर्स तेव्हा वर्ष-दीड वर्षाचा. दोन महिन्यांत जरा बरं वाटलं, अंगावर मूठभर मांस चढलं, की माणूस औषध सोडून शिमग्याला गावी पळे. म्हणून होळीच्या आधी डॉक्टर एकेकाला गाठून गोळ्या बांधून देत आणि खाणावळवालीला बजावत, ‘याला अंडं दे, पैसे माझ्याकडून ने.’ फार खालावलेल्याला शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात स्वतः चिठ्ठी देऊन धाडत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संपाचे पुढारी दत्ता सामंतही डॉक्टरच, घाटकोपरला खाणकामगारांना तपासता तपासता युनियनमध्ये गेलेले. आमचे डॉक्टर कुठल्याच सभेत दिसले नाहीत. पण पगार बंद म्हणजे कामगार विम्याची वर्गणी बंद, आणि पुढं पुढं विम्याचं कार्डही नुसता कागद झालं. भांडी मोडीत निघाली, मुलांच्या शाळा सुटल्या, कितीजण कायमचे गावी गेले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, गिरण्याच संपल्या. त्या दिवसांत दवाखान्यातली गर्दी मात्र वाढली.

‘संपात डॉक्टरांनी कुणाकडून एक पैसा घेतला नाही,’ यंदा दादानं दरवर्षीप्रमाणे सांगितलं. आम्ही दरवर्षीप्रमाणे माना डोलावल्या.

आई भिंतीला टेकून वाती वळत होती. आता तिला ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं.

‘घेय नाय कसो? रुपयो घेय.’

दादा हसला. ‘आई, औषधाचेच पाच-सहा रुपये व्हायचे. एक रुपया कशाला घेतील?’

‘फुकट असतां तर तुझो बापूस थंय गेलो असतो काय रे?’

तिनं वात तुपात बुडवली. ओटीवर कुणी बोललं नाही. मग दादाच हळूच म्हणाला, रुपया द्यायला मलाच धाडायचे. मुठीत घट्ट धरून जिना उतरायचो.