सहा वर्षं माल विकला, नाव नाही विचारलं



आज वाण, खत, फवारणी काही नाही. आज एक चूक सांगायचीय, माझीच.

दोन वर्षांमागची ऐन थंडीतली गोष्ट. वीस गुंठे कोथिंबीर एकदम काढणीला आली. आपल्या मांजरीच्या उपबाजारात त्या आठवड्यात आवकच आवक. शेकडा दोनशे, म्हणजे जुडी दोन रुपयाला. काढणी, बांधणी, टेम्पो धरला तर हातात काही उरेना. निम्मा प्लॉट कसाबसा काढला, बाकीच्यावर रोटाव्हेटर फिरवला.

दोन दिवसांनी मेथी घेऊन बाजारात गेलो. नेहमीच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "दादा, कोथिंबीर नाही आणली?" म्हणलं, मोडली.

"अहो, मी ज्या खानावळीला भाजी देते ना, ते वर्षभर एकाच भावानं घ्यायला तयार आहेत. पण रोज माल देणारा माणूस मिळंना. तुमचा नंबर तरी कुठाय माझ्याकडं?"

सहा वर्षं या मावशी माझा माल घेत होत्या. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. मांजरीच्या बाजारात मध्ये आडत्या नाही, शेतकरी आणि किरकोळ विक्रेता समोरासमोर. ओळख करायची संधी रोज पुढ्यात उभी होती, आणि मी पैसे मोजून गाडीला किक मारत होतो.

त्या दिवशी शंभर पानी वही घेतली. पहिलं नाव मावशींचं. कोण कुठं विकतं, कुठल्या वारी किती लागतं, जुडी केवढी पाहिजे, हे विचारून लिहीत गेलो. तेव्हा कळलं की हातगाडीवाल्याला मुळासकट जुडी हवी, तर खानावळीला मुळं कापलेली, माती नसलेली. इतकी वर्षं मी सगळ्यांना एकच माल देत होतो.

त्या वहीनं पेरणी बदलली. आता वीस गुंठे एकदम टाकत नाही. दर आठ दिवसांनी चार-पाच गुंठे. रोज थोडा माल, पण रोज.

रोज सगळं एकट्याकडं असणं शक्य नाही. म्हणून शेजारचे चौघं जोडले. एकाचा पालक, एकाचा शेपू, दोघांची मेथी. माझ्याकडं नसलं की गिऱ्हाईक त्यांच्याकडं पाठवायचं. खरं सांगतो, पहिल्यांदा पोटात दुखलं. पण महिन्याभरात त्यांनी पाठवलेली गिऱ्हाइकं माझ्या बांधावर आली.

फटकाही बसला. एका केटरिंगवाल्याला ओळखीवर उधार दिलं, तो फोन उचलायचा बंद झाला. तेव्हापासून नवीन माणसाला रोख, जुन्याला फार तर आठवड्याचा हिशोब. भाव पडायचा तेव्हा अजूनही पडतो. फक्त आता सगळा माल त्या भावात जात नाही.

द्राक्षवाल्यांनी हे कधीच ओळखलं. १९६० साली बागायतदार संघ उभा केला, १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी मिळून निर्यातीसाठी महाग्रेप्स काढलं. परदेशातला खरेदीदार, शीतगृह, पॅकिंग एकट्याला झेपणारं नव्हतंच. आपला पालेभाजीवाला मात्र अजून एकटाच टेम्पो भरतो.

शेतकरी उत्पादक कंपनीला निदान १० उत्पादक लागतात. आम्ही पाच आहोत. लोक म्हणतात, सह्या गोळा करा, होईल कंपनी. पण ज्याच्याकडं बिनधास्त गिऱ्हाईक पाठवता येईल असा माणूस सहीनं मिळत नाही. तो मिळाला की सही करायला वेळ लागत नाही.

उद्या बाजारात गेलात तर एक करा. तुमचा माल नेहमी घेणाऱ्याला नाव विचारा, आणि तो माल पुढं कुठं जातो तेही विचारा. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.