पौषातील पहाट आणि आषाढातील आठवडा

वाई, कार्तिक वद्य पंचमी

चिरंजीव भाच्यास,

चिरंजीवांच्या पत्रातील 'कंट्रोलर काय, दुकानदार देईल तो लावू' हे वाक्य वाईतील मामांच्या पचनी पडलेले नाही. 540 वॅटची दोन पॅनेल आणि 150 अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या एवढी खरेदी उरकल्यावर, ज्या उपकरणाने या दोहोंमधला सगळा व्यवहार सांभाळायचा त्याचा विचार सर्वांत शेवटी आणि तोही उरल्यासुरल्या पैशांत व्हावा, ही रीतच उलटी आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीचा जो दाखला दिला आहे तो येथे लागू पडत नाही, कारण 2024 साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून गाजलेल्या त्या गावातील छतांवरची वीज महावितरणच्या जाळ्याशी जोडलेली असून, दिवसा उरलेले तिकडे देता येते आणि रात्री कमी पडलेले तिकडून घेता येते. चिरंजीवांच्या जोर खोऱ्यातील घराला असा पाठीराखा नाही. तेथे बॅटरी हाच एकमेव साठा असून ती बिघडली की घर अंधारात जाते.

चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणारे नियामक उपकरण. पॅनेलकडून येणारा प्रवाह बॅटरीच्या स्थितीनुसार तिला देणे, ती भरत आली की तो आवरता घेणे आणि रात्री तिच्यातील वीज पॅनेलकडे उलटी वाहू न देणे, ही त्याची कामे होत. त्याच्या दोन जाती आहेत. पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर पॅनेल आणि बॅटरी यांना थेट जोडतो व तो जोड अतिवेगाने उघडत-मिटत राहतो, त्यामुळे पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर उतरावे लागते. म्हणजे सुमारे 41 व्होल्ट आणि 13 अँपिअर देणारी ही दोन पॅनेल समांतर जोडली, तरी 26 व्होल्टवर असलेल्या बॅटरीसंचाला 1080 वॅटऐवजी जेमतेम 676 वॅट मिळतात आणि एक तृतीयांशाहून अधिक खरेदी पाण्यात जाते. एमपीपीटी जातीचा कंट्रोलर पॅनेल ज्या व्होल्टेजवर सर्वाधिक शक्ती देते तो बिंदू सतत शोधत राहतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचे रूपांतर प्रवाहात करतो. गोठ्यातील एका दिव्यासाठी 36 घटांचे छोटे पॅनेल आणि 12 व्होल्टची बॅटरी असेल, तर पीडब्ल्यूएम स्वस्त आणि पुरेसा असतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र 'एमपीपीटी' असे ठळक छापलेल्या खोक्यात पुष्कळदा पीडब्ल्यूएमच दडलेला असतो. खऱ्या एमपीपीटीमध्ये तांब्याच्या जाड तारेचे वेटोळे असावेच लागते, म्हणून तो हाताला जड लागतो. तळहातावर पिसासारखा हलका लागणारा 'साठ अँपिअर' दुकानातच ठेवून यावा.

तथापि जात ठरली म्हणजे निवड झाली असे नव्हे, आणि मामांचे जे म्हणणे घरात सर्वांना पाठ झाले आहे ते पुन्हा येथे येणे अटळ आहे: कंट्रोलर वर्षातील सरासरी दिवसावर निवडू नये, तो दोन वाईट दिवसांवर निवडावा, एक पौषातील पहाट आणि दुसरा आषाढातील आठवडा.

पहाटेचे गणित असे आहे. सौर पॅनेल जितके थंड तितके त्याचे व्होल्टेज अधिक. चिरंजीवांच्या पॅनेलचे उघड्या तारांवरील, म्हणजे काहीही न जोडता मोजलेले व्होल्टेज 49.5 आहे, पण ते 25 अंश सेल्सिअसला. प्रत्येक अंश थंडीमागे ते साधारण 0.28 टक्क्याने वाढते. वर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, तेव्हा खाली जोरमध्ये 5 अंश धरणे अतिशयोक्तीचे होणार नाही; त्या वेळी एक पॅनेल 52 व्होल्टच्या वर आणि एकसर जोडलेली दोन पॅनेल 104 व्होल्टच्या वर जातात. दुकानदाराने दाखवलेल्या कंट्रोलरची सहनमर्यादा 100 व्होल्ट आहे. उन्हाळ्यात लावलेला तो खोका दिवाळीपर्यंत सुरळीत चालेल आणि एखाद्या स्वच्छ पहाटे पहिल्या किरणासरशी जळेल. तेव्हा 150 व्होल्ट मर्यादेचाच घ्यावा. पॅनेल समांतर जोडून 100 मध्ये भागवता येईल हे खरे, परंतु अंगणातील पॅनेलांपासून घरापर्यंतच्या 25 मीटरांत 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत 26 अँपिअर वाहिले, तर 41 पैकी साडेपाच व्होल्ट तारेतच जिरतात. एकसर जोडणीत 82 पैकी पावणेतीन.

वाईट दिवस प्रमाण धरण्याची ही रीत नवी नाही. वाईच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे देऊळ 1762 मध्ये रास्त्यांनी बांधले, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली, कारण कारागिरांनी उन्हाळ्यातली गुडघाभर कृष्णा प्रमाण धरली नाही, पुराची धरली. चिरंजीव लहानपणी त्याच भिंतीला टेकून भेळ खात असत, परंतु भिंत अशी का, हे विचारल्याचे कोणाला स्मरत नाही.

आषाढाची गोष्ट अधिक बिकट आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जोर त्याच डोंगराच्या कुशीत आहे; दाट ढगांत पॅनेल क्षमतेच्या दहा-वीस टक्केच देते. शिसे-आम्ल बॅटरीला 24 व्होल्टच्या संचात साधारण 28.8 व्होल्टवर काही तास राहता आले तरच ती पूर्ण भरते. आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली, तर पट्ट्यांवर गंधकी शिशाचे कडक स्फटिक धरतात आणि साठा कायमचा घटतो. म्हणून पॅनेल भरपूर ठेवावीत, ही चिरंजीवांची खरेदी नकळत बरोबर झाली आहे. परंतु त्याच पॅनेलांतून वैशाखात चाळीस अँपिअर निघू शकतात आणि 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते फार होतात. ज्यात प्रवाहाची मर्यादा 20 ते 25 अँपिअरवर बांधता येते, तापमानानुसार व्होल्टेज बदलण्यासाठी बॅटरीला चिकटवायचा संवेदक ज्याच्यासोबत मिळतो आणि जास्तीची पॅनेल चालतील असे ज्याच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे, असाच कंट्रोलर घ्यावा. रंगीत पडदा आणि मोबाइलवरील आलेख नसले तरी अडत नाही.

इतके लिहूनही मन स्वस्थ नाही, कारण बॅटऱ्या माजघरात ठेवणार असे पत्राच्या शेवटी ओझरते आले आहे. भरताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन वायू निघतो, माजघराला खिडकी नाही आणि तेथे आजी निरांजन लावून झोपतात; बॅटऱ्या पडवीतच, हवेशीर कोपऱ्यात ठेवाव्यात. बॅटरीच्या धन अग्राशेजारीच फ्यूज हवा आणि तो एकदिश प्रवाहासाठी बनवलेला हवा, कारण घरगुती एमसीबीत एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या 'लोड' अग्रांना जोडू नये, तो थेट बॅटरीवर, स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावा. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, सोडवताना नेमके उलट. दोन्ही पॅनेलांच्या पाठीवरील चिठ्ठ्यांचे फोटो आणि कंट्रोलरच्या पुस्तिकेचे पान आल्याखेरीज दुकानदाराला पैसे देऊ नयेत. आणि बॅटऱ्या माजघरातून हलल्या की नाही, तेवढे मात्र आजच कळवावे.



वाईचे मामा