एमबीए फायनान्स आणि १८८ क्विंटल सोयाबीन

पदवीचे निकाल लागायच्या आधीच आमच्या लोणार तालुक्यात एमबीए कॉलेजांच्या एजंटांचे फोन सुरू होतात. पोराचं नाव, मार्क, बापाचा मोबाईल नंबर, सगळं त्यांच्याकडे असतं. "सर, फायनान्सच्या शेवटच्या चार जागा राहिल्यात." या चार जागा जूनमध्येही शेवटच्या असतात आणि ऑगस्टमध्येही.

पोस्ट लांब आहे, पण घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाचं कुणी असेल तर वाचा.

मी लोणारचाच. मुंबईत एमएमएस केलं, फायनान्स घेऊन. गेली चौदा वर्षं कर्जाचे प्रस्ताव तपासायचं काम करतो. त्यामुळे गावाकडून विचारणा होते. यंदा मामेभावाने विचारलं, "दादा, पोरीले फायनान्समधी एमबीए करायचं म्हन्ते. पुन्याच्या कॉलेजात दोन वर्साचे धा लाख सांगतात. शंभर टक्के नोकरी हाये म्हन्ते. भरू का?"

मी आधी हिशोब केला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. दहा लाख म्हणजे जवळपास १८८ क्विंटल. त्याची पाच एकर, एकरी सात क्विंटल धरले तर पाच वर्षांहून जास्त काळाचं सगळं पीक, तेही बी-खत-फवारणीचा एक रुपया न वजा करता. आणि हमीभाव बाजारात मिळतोच असं कोण म्हणतं?

मग पोरीशी बोललो. तिला विचारलं, फायनान्स म्हणजे नेमकं कोणतं काम? ती गप्प. यात तिचा दोष नाही, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. 'फायनान्स' या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळे धंदे आहेत. कर्ज विकणं हे एक काम आणि ते कर्ज द्यावं की नाही हे ठरवणं हे दुसरं. कंपनीच्या पैशांचं नियोजन, शेअर बाजारातलं संशोधन, जोखीम मोजणं ही आणखी वेगळी. ज्या कॉलेजांत 'शंभर टक्के प्लेसमेंट' असते तिथली बरीच पोरं 'रिलेशनशिप मॅनेजर' होतात. म्हणजे विमा, म्युच्युअल फंड नाहीतर वैयक्तिक कर्ज विकायचं, महिन्याचं टार्गेट घेऊन. विक्री हे वाईट काम नाही, ज्याला जमतं तो चांगले पैसे कमावतो. पण त्यासाठी दहा लाख भरायची गरज नाही.

ऑडिटच करायचं असेल तर एमबीएच्या वाटेला जाऊच नका. कंपनीच्या ऑडिटवर सही सीएचीच चालते. सीएची फी एमबीएच्या मानाने फारच थोडी, आर्टिकलशिपही २०२३ पासून दोन वर्षांची झालीय. तिथे चिकाटी मात्र दुप्पट लागते.

पोरगी म्हणाली, मला कर्ज तपासायचं काम आवडेल. मला बरं वाटलं, आणि ते माझं काम आहे म्हणून नाही. हे काम नीट न झाल्याचे परिणाम आपल्या जिल्ह्याने पाहिलेत. जिल्हा मध्यवर्ती बँक परवान्याअभावी अडकली होती. २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी मदत मंजूर केली, त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या आणि तिन्ही विदर्भातल्या : बुलडाणा, वर्धा, नागपूर. त्याच जिल्ह्यात १९८६ साली सुरू झालेली बुलडाणा अर्बन गोदामातल्या शेतमालावर कर्ज देत मोठी झाली. शेतकऱ्याचा माल कधी, काय भावाने विकला जाईल हे कळणारा माणूस कर्जाच्या टेबलावर हवा. तो लोणारचा असला तर वाईट काय?

आता कॉलेज. स्पेशलायझेशनच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच असतं, फायनान्स खरं सुरू होतं ते दुसऱ्या वर्षी. 'फिनटेक विथ एआय' असं छापायला प्रेसवाल्याला जास्त पैसे लागत नाहीत. कॉलेजला विचारायचं ते हे, की गेल्या वर्षी फायनान्सच्या किती पोरांना, कोणत्या कंपनीने, कोणत्या पदावर घेतलं. सरासरी पगार सांगू लागले तर मधला पगार विचारा, म्हणजे निम्म्या पोरांना ज्याच्या वर मिळालं तो आकडा. एका पोराच्या तीस लाखांनी सरासरी फुगते.

या कामासाठी मुंबईत राहणं फायद्याचं. बँकांची मुख्यालयं तिथे, इंटर्नशिप तिथे. १९६५ पासूनचं जमनालाल बजाज किंवा सरकारी सिडनहॅम इन्स्टिट्यूट, दोन्ही चर्चगेटला. बजाजच्या खुल्या जागेला ९९ च्या वर पर्सेंटाइल लागतात, ते अवघड आहे. पुण्यात विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे, पुम्बा. सीईटीला घाबरायचं कारण नाही. २०० प्रश्नांत गणिताचे ५०, तर्काचे ७५, चुकीला मार्क कापत नाहीत. आपल्या पोरांना जड जातं ते इंग्रजी, ते रोज वाचल्याशिवाय येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे एजंट कधीच सांगत नाही. एकाच कॉलेजात शिरायला दोन दारं असतात. सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून गेलात आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर खुल्या प्रवर्गातल्या पोरांना राजर्षी शाहू योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. तीच पोरगी व्यवस्थापन कोट्यातून गेली की शून्य. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही हे लागू नाही, आणि बऱ्याच पीजीडीएमच्या जागा कॅपच्या बाहेरच भरतात. "सीट पक्की करून टाका" म्हणून घाईघाईने टोकन भरणारा बाप लाखो रुपयांच्या सवलतीवर पाणी सोडत असतो आणि त्याला ते माहीतही नसतं.

मामेभाऊ ओबीसी. सवलत ऐकून म्हणाला, "मंग हे आमाले कोनी सांगतलं काहून नाही?" प्रश्न रास्त आहे. शासन निर्णय निघाला, वेबसाइटवर पडला, काम संपलं. तालुक्याच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या पोरांना डिसेंबरमध्ये बसवून एक तास हे सांगितलं तरी पुरेल. त्याला निधी लागत नाही. लागतात ती कागदपत्रं : उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जातवैधता. वैधतेला महिने लागतात, म्हणून तो अर्ज सीईटीच्या फॉर्मच्या आधी गेला पाहिजे.

लोणार, मेहकर, सिंदखेडराजा, रिसोड भागातल्या कॉलेजांनी बोलावलं तर मी दिवाळीनंतर स्वखर्चाने येतो. प्राध्यापक मंडळींनी मेसेज करावा.